इंग्रजीचं नवं स्पेलिंग, पण कुणाच्या उच्चाराप्रमाणे?

ध्वनिवेडा (मूळ पोस्ट): इंग्रजीसाठी मी चाळीस चिन्हांची पद्धत तयार केली आहे. एका ध्वनीला एकच चिन्ह, मूक अक्षरं बाद, सी, क्यू, एक्स रद्द. 'नाइट'मधले (सरदार या अर्थाच्या) के आणि जीएच मुलांकडून घोकून घेणं हा छळ आहे. विरोध करणाऱ्यांना फक्त स्वतःचं पाठांतर वाया जाईल याची भीती वाटते.

समास: शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. पाठांतराचा काही संबंध नाही. अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने १७६८ मध्येच सहा नवी अक्षरं घालून अशी योजना आखली होती. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी अमेरिकेतल्या यूटामध्ये ३८ अक्षरांची डेझरेट लिपी काढली, १८६८ साली शाळेची पुस्तकंही छापली. नाटककार बर्नार्ड शॉने तर नव्या लिपीसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले. यातली एकही रुळली नाही. आधी एवढंच सांगा, 'कार'मधला आर लिहायचा की नाही? स्कॉटलंडमध्ये तो ऐकू येतो, लंडनमध्ये येत नाही. लंडनप्रमाणे लिहिलं तर 'फादर' (वडील) आणि 'फार्दर' (आणखी दूर) एकच होतील. आज दोन्हीकडची माणसं एकच पुस्तक वाचतात, ते तुम्हाला नकोय का?

ध्वनिवेडा: एक प्रमाण उच्चार ठरवायचा. शब्दकोश ठरवतातच की.

समास: म्हणजे बाकीच्यांनी पुन्हा घोकायचंच! मग छळ थांबला कुठे?

खडूफळा: मी प्रौढांना इंग्रजी शिकवते. 'साइन'मधला जी त्यांना खटकतो, पण 'सिग्नेचर' शेजारी लिहिलं की चेहरे उजळतात. 'हील' (बरं होणं) आणि 'हेल्थ'चंही तसंच. उच्चार बदलतो पण नातं डोळ्यांना दिसतं. ते पुसून टाकायला माझा ठाम विरोध आहे.

मूकबी: हे नात्याचं कौतुक पुरे झालं. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी इंग्रजीत कधीच उच्चारला गेला नाही. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा बी नव्हता. लॅटिन 'डेबिटम'शी नातं दाखवायला पंडितांनी तो मागाहून घुसवला. 'आयलंड'मधला एस तर निव्वळ गैरसमजातून आला, त्या शब्दाचा लॅटिन 'इन्सुला'शी संबंधच नाही. या पंडितांची चूक आपण चारशे वर्षं निस्तरतोय.

खडूफळा: 'डेबिट' माहीत असणाऱ्याला त्या बीचा आजही उपयोग होतो.

मूकबी: आणि 'आयलंड'च्या एसचा? सोयीचं तेवढं उचलू नका.

खडूफळा: एसचं मान्य. घ्या काढून तो एक एस, झालं समाधान? 'नी'मधला (म्हणजे गुडघा) के मात्र एकेकाळी खरोखर उच्चारला जात होता.

मूकबी: एकेकाळी! मुलं आज शिकतायत हो.

रात्रपाळी: तुमचा बी आणि एस बाजूला ठेवा. माझ्या मुलाला डिसलेक्सिया आहे, म्हणजे वाचताना-लिहिताना अक्षरांची अडचण येते. गोष्ट सांगताना तो थांबत नाही, लिहायला बसला की रडतो. फिनिश मुलं इंग्रजी मुलांपेक्षा कितीतरी लवकर वाचायला शिकतात, कारण त्यांची भाषा बोलावी तशी लिहिली जाते. 'सिग्नेचर'च्या नात्यासाठी माझ्या मुलाने का भोगायचं?

समास: तुमचा राग समजतो. पण ब्रिटनमध्ये १९६१ पासून हाच प्रयोग शाळांत झाला. जेम्स पिटमनची चाळीसहून अधिक चिन्हांची लिपी होती. मुलं भराभर वाचायला लागली, मग नेहमीच्या स्पेलिंगकडे वळताना त्यांतली बरीच अडखळली. दोनदा शिकायची पाळी आली.

रात्रपाळी: कारण शाळेबाहेरचं सगळं जग जुन्यावरच राहिलं. भराभर वाचायला लागली, हे तुम्हीच लिहिलंत.

समास: लिहिलं, आणि ते खरं आहे. पण बाहेरचं जग बदलणार कोण? अमेरिकन कोशकार वेबस्टरने 'कलर'मधला यू काढला, तो अमेरिकेत टिकला. त्यानेच 'टंग'चं (जीभ) सोपं स्पेलिंग सुचवलं, ते त्याच्या देशातही चाललं नाही. लोक एखाददुसरं अक्षर सोडतात, लिपी सोडत नाहीत.

ध्वनिवेडा: मग एखाददुसऱ्यापासून सुरू करू. 'डेट'चा बी आधी.

खडूफळा: एस म्हटलं होतं मी, बी नाही!