मदत हवी आहे : इंपेलरच्या मोल्डफ्लोसाठी मेशिंगचं वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं का?

उद्यमबागचा_टूलरूमवाला

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमची छोटी टूलरूम आहे. प्लास्टिकच्या डाया करतो आणि शेजारच्या मशिनवर ट्रायल काढून देतो. काम जास्त करून पंपवाल्यांचं. अथणी-चिकोडीकडं ऊस आहे तोवर सबमर्सिबलचे इंपेलर (पाणी ढकलणारी फिरती चाकं) काही थांबत नाहीत.

सिम्युलेशन, म्हणजे डायमध्ये प्लास्टिक कसं भरेल याचा कॉम्प्युटरवरचा हिशेब, आजवर बाहेरून करून घेत होतो. मोल्डफ्लो हे त्याचंच सॉफ्टवेअर, आणि मेश म्हणजे हिशेबासाठी पार्टचे पाडलेले छोटे तुकडे. आता एक ग्राहक म्हणतोय, डाय कापायच्या आधी फिलिंग (भरणं) आणि वॉर्पचा (गार होताना वाकण्याचा) रिपोर्ट पाहिजेच, आणि यापुढं प्रत्येक डायला पाहिजे. म्हणून हे घरातच सुरू करायचं बघायलोय.

पार्ट असा आहे. खाली गोल चकती, तिच्यावर सहा वळणदार पाती. वरचं झाकण वेगळं मोल्ड होतं आणि अल्ट्रासोनिकनं जोडतात, ते सध्या सोडा. पातं मुळाशी 2.2 मिमी, टोकाशी 1.6. चकती 2.5. मधल्या हबमध्ये षटकोनी शाफ्ट बसतो, तिथं जाडी 7 मिमीच्या वर जाते. मटेरियल नोरिल नावाचं प्लास्टिक, त्यात 20 टक्के ग्लासचे तंतू. हबच्या तोंडाशी तीन पिन गेट (प्लास्टिक आत जायची बारीक तोंडं) द्यायचा विचार आहे.

बाहेरच्या रिपोर्टवरचा विश्वास का उडाला तेही सांगतो. असाच एक जुना पार्ट होता. रिपोर्टमधली रंगीत चित्रं झकास, पण त्यात हब पात्याच्या आधी गोठलेला! 7 मिमीचा हब 2 मिमीच्या पात्याआधी गार होतोय हे आमच्या मशिनवरच्या पोरालासुद्धा पटेना. विचारलं तर उत्तर आलं, "मेश मॅच 72 टक्के होतं, तेवढं चालतं." चालतं म्हणजे कुणाला चालतं?

आता माझा प्रश्न. माझ्या भाच्याला हायपरमेश (मेश मारायचं वेगळं सॉफ्टवेअर) चांगलं येतं, तो म्हणतो मामा, मेश त्यातच मारूया आणि मोल्डफ्लोत नेऊया. मोल्डफ्लो विकणारे म्हणतात आमचाच मेशर पुरे. मोल्डेक्स थ्री-डीवाले म्हणतात आमची बाउंड्री लेयर मेश बघा, बाकीचं विसरा. आणि कॉलेजची पोरं म्हणतात जीमेश फुकट असताना पैसे कशाला घालवताय. कुणी हे रोज हाताळत असेल तर स्पष्ट सांगा. पैसे एकदाच घालायचे आहेत.

चाकणकर_मूळचा_खानापूरचा

दादा, उलटीकडून सुरुवात केलीत. आधी सॉल्व्हर (मेशवर प्रत्यक्ष हिशेब करणारा भाग) ठरवा, मेशर त्याच्या मागनं येतो. मोल्डफ्लोचा सॉल्व्हर घेतला की त्याचा मेशर सोबत येतोच. मोल्डेक्सचंही तसंच, त्यांच्या स्टुडिओत मेशिंग आहे. हायपरमेशचं लायसन फक्त या कामासाठी घेणं म्हणजे एका खिळ्यासाठी लोहाराचा भाता विकत घेणं.

तुमच्या त्या रिपोर्टमध्ये काय झालं असेल ते सांगतो. तो नक्कीच ड्युअल डोमेन असणार. त्यात पार्टच्या आत एकही एलिमेंट नसतं. बाहेरच्या पृष्ठभागावर त्रिकोण असतात आणि सॉफ्टवेअर समोरासमोरच्या त्रिकोणांची जोडी लावून त्यांच्या अंतरावरून जाडी काढतं. जोडी जुळली तर जाडी बरोबर. जुळली नाही तर जाडी अंदाजानं बसते. ही जुळणी म्हणजेच मेश मॅच. फिलिंगसाठी ती 85 टक्क्यांच्या वर आणि वॉर्पसाठी 90 च्या वर पाहिजे. 72 म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त भागाची जाडी भरवशाची नाही, आणि तो भाग हबच असणार, कारण षटकोनी भोक आणि गोल बाहेरची बाजू यांची जोडी नीट लागत नाही. हब पातळ समजला गेला, म्हणून आधी गोठला.

आणि मॅच सुधारली तरी तुमच्या हबला ती पद्धत लागू होत नाही. ड्युअल डोमेन आणि मिडप्लेन (जाडीच्या मधोमध एकच पृष्ठ धरायची पद्धत) दोन्ही हेले-शॉच्या गृहीतकावर चालतात, म्हणजे भिंत पातळ आणि प्रवाह भिंतीला समांतर. लांबी-रुंदी जाडीच्या चौपटीहून कमी असेल तिथं हे गृहीतक तुटतं. पाती आणि चकती यात बसतात, हब बसत नाही. पातं हबला जिथं चिकटतं तिथं तर प्रवाह तिन्ही दिशांनी वळतो. तुम्हाला थ्री-डी टेट्रा मेशच (आतूनही भरलेली, चार तोंडांच्या घन तुकड्यांची) लागणार. मिडप्लेनचा विचारही करू नका, मधली पृष्ठं काढून शिवण्यात भाचा म्हातारा होईल.

जीमेश_गडी

सर, मी इथंच इंजिनिअरिंगला आहे. जीमेश आणि सालोमे खरंच चांगले आहेत. स्टेप फाइल (पार्टचं थ्री-डी ड्रॉइंग) थेट वाचतात, टेट्रा मेश निघते आणि जीमेशची मेश gmshToFoam या कमांडनं (जीमेश-टू-फोम) ओपनफोममध्ये, म्हणजे प्रवाहाचा हिशेब करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जाते. ओपनइंजमोल्डसिम नावाचा फुकट सॉल्व्हर आहे, त्यात क्रॉस-डब्ल्यूएलएफ स्निग्धता आणि टेट पीव्हीटी (दाब-घनफळ-तापमान) ही प्लास्टिकची दोन्ही सूत्रं आहेत. शिकायला एक नंबर.

चाकणकर_मूळचा_खानापूरचा

शिकायला होय की, जरूर शिक. पण दादांना ग्राहकासमोर वॉर्पचा रिपोर्ट ठेवायचा आहे, तोही ग्लास भरलेल्या मटेरियलचा. ग्लासचे तंतू कुठल्या दिशेनं पडले त्यावर आकसणं ठरतं, तंतूंच्या दिशेत कमी आणि आडवं जास्त. तिथंपर्यंतचा सगळा रस्ता त्यात तयार मिळत नाही. वर नोरिलच्या नेमक्या ग्रेडचा डेटा कुठून आणणार? विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण मेशरइतकेच पैसे मटेरियलच्या डेटाबेसला देतो, हे कुणी बोलत नाही.

निपाणीचा_डायमेकर

मेशचं तुमचं चालू द्या, मला त्यातलं कळत नाही. पण तीन पिन गेट म्हणजे हबला तीन वेल्ड लाइनी (दोन प्रवाह भेटतात तिथले कच्चे जोड). शाफ्ट फिरताना जोर तिथंच येतो. डायफ्राम गेट का नाही? गोल पडद्यासारखा सगळीकडून एकदम भरतो. फक्त नंतर लेथवर कापावा लागतो. हे बघायला कॉम्प्युटर कशाला लागतोय की.

उद्यमबागचा_टूलरूमवाला

अण्णा, तुमचं बरोबर आहे, पण ग्राहक कापायची मजुरी द्यायला तयार नाही. दोन्ही गेट चालवून त्याच्यासमोर ठेवायचे, म्हणून तर हा सगळा उपद्व्याप.

चाकणकर, थ्री-डी पटलं. मग मोल्डफ्लो की मोल्डेक्स? आणि भाच्याच्या हायपरमेशचा काहीच उपयोग नाही का? काही मोठे ग्राहक स्वतः मेश मारून नॅस्ट्रानची (ताकद तपासायच्या सॉफ्टवेअरची) बीडीएफ फाइल पाठवतात, तिचं काय करायचं?

चाकणकर_मूळचा_खानापूरचा

बीडीएफ मोल्डफ्लोत घेता येते. मात्र त्या फाइलमध्ये एकक लिहिलेलं नसतं, आयात करताना तुम्हीच सांगायचं असतं. ते चुकलं की 100 मिमीचा इंपेलर 100 मीटरचा होतो. आणि ग्राहकाची मेश बहुतेक वेळा ताकदीच्या विश्लेषणासाठी मारलेली असते. जाडीत दोन टेट्रा असले तरी त्यांचं भागतं, आपलं नाही. वितळलेलं प्लास्टिक भिंतीला लागलं की गोठतं, त्याच्या लगेच आत कातरण (थर एकमेकांवर घसरणं) सगळ्यात जास्त आणि घर्षणाची उष्णता तिथंच, मधोमध गरम रस. हा सगळा खेळ 2 मिमीत चालतो. जाडीत किमान 6 थर पाहिजेत, वॉर्पसाठी 10 असतील तर बरं. म्हणून त्यांच्याकडून मेश मागूच नका, स्टेप मागा. एसटीएल तर अजिबात नको, त्यातले त्रिकोण नुसतं आकार दाखवायला असतात.

भाच्याचा खरा उपयोग मेशच्या आधी आहे. निम्मा वेळ भूमिती साफ करण्यात जातो. पात्याच्या मुळाशी 0.2 ची फिलेट (कोपऱ्याची गोलाई), कोरलेला पार्ट नंबर, दोन पृष्ठांमधली केसासारखी फट, हे सगळं काढून द्यायला डोळा लागतो आणि हायपरमेशवाल्यांचा डोळा तयार असतो. पण पात्याच्या मुळाची मोठी फिलेट काढू देऊ नका, ती प्रवाह बदलते.

मोल्डफ्लो की मोल्डेक्स, यावर लोक इथं भांडत बसतील. माझं मत, मोल्डेक्सची बाउंड्री लेयर मेश या पार्टला जास्त शोभते. भिंतीलगत प्रिझमचे थर आणि मधे टेट्रा, त्यामुळं जाड हब आणि पातळ पातं दोन्हीकडं भिंतीजवळचा भाग बारीक राहतो. मोल्डफ्लोतही होतं, थरांची संख्या नीट द्यावी लागते. पण तुमच्या ग्राहकाचा माणूस मोल्डफ्लोचाच रिपोर्ट वाचायला सरावलेला असेल तर मोल्डफ्लो घ्या. तिथं वाद घालून डायची ऑर्डर घालवू नका.

डेमोला विक्रेत्याचा नमुना पार्ट चालवू देऊ नका, तो नेहमी चांगलाच मेश होतो. ज्या पार्टचा रिपोर्ट चुकला आणि ज्याची डाय तुमच्याकडं तयार आहे, तोच द्या. मेश झाली की तिचं घनफळ विचारा आणि घनतेनं गुणा, तुमच्या ग्रेडची साधारण 1.2 ग्रॅम प्रति घन सेंमी धरा. आलेलं वजन तुमच्या काट्यावरच्या पार्टशी ताडून बघा. तिथंच फरक असेल तर पुढचं बघायची गरजच नाही. मग गेटजवळ झूम करायला सांगा. 1 मिमीच्या पिन गेटच्या आडव्या छेदात दोन-तीनच एलिमेंट असतील तर दाबाचा आकडा कितीही सुंदर दिसो, खरा नाही. तिथं स्थानिक बारीक मेश मारून पुन्हा चालवायला लावा आणि दाब किती बदलला ते बघा. फार हलला म्हणजे आधीची मेश अपुरी होती. सगळीकडंच बारीक करू म्हणतील तर थांबवा, कड निम्मी केली की एलिमेंट आठपट होतात आणि तुमचं मशीन रात्रभर बसेल.

रॅम किमान 64 जीबी घ्या.

उद्यमबागचा_टूलरूमवाला

यूपीएससुद्धा धरतो मग, इथं लाइटीचा नेम नाही. जुन्या पार्टची स्टेप भाच्याला दिली, कोरलेला नंबर आणि बारीक फिलेटी काढायला बसलाय. पुढच्या आठवड्यात दोन्ही विक्रेत्यांना तीच फाइल देतो. अण्णा, डायफ्राम गेटची जाडी किती ठेवता? तोही त्याच फाइलवर चालवून घेतो.

निपाणीचा_डायमेकर

1 पासून चालू करा. भरत नसेल तर वाढवता येतं, वाढवलेलं कमी करायचं म्हणजे वेल्डिंग आलं.