मदत हवी आहे: प्रपोजल नुसते लटकायलेत, प्रोसेस बदलावी कशी?

मंडळी, जरा डोकं लावा. आम्ही लातूर-नांदेडकडची काही पोरं मिळून आडतीच्या हिशोबाचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालवतो, मोठा बदल करायचा तर आधी लेखी प्रपोजल टाकायचं हा नियम पायथन ह्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पेपवरून (तिथं बदलाच्या लेखी प्रपोजलला पेप म्हणतेत) उचललेला, पण होतंय काय की प्रपोजल आलं की चार जण भांडतेत अन् मग कुणी हो बी म्हणंना, नाही बी म्हणंना. सोयाबीनच्या पट्टीत हमाली अन् तोलाई वेगळी दाखवायची, एवढंच प्रपोजल गेल्या हंगामापासून पडून आहे!

पायथनमध्ये २०१८ ला पेप ५७२ वरून एवढं रामायण झालं की पायथन बनवणारे गुइडो व्हॅन रॉसम यांनी शेवटचा शब्द द्यायचं कामच सोडलं, आता तिथं ५ जणांची निवडून आलेली कौन्सिल आहे. आमच्यात निवडणूक घेतली तर गावकीच सुरू होईल, ते नको. रस्ट ह्या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेवाले निकालाआधी हरकतीला १० दिवस देतेत, मला ते पटायलंय, पण ऐन पेरणीत बघणार कोण?

दुसरं, पायथनसारखा नवीन पोराला स्पॉन्सर (म्हणजे प्रपोजलच्या पाठीशी उभा राहणारा जुना मेंबर) सक्तीचा केला तर पोरं बिचकतील का? अन् नाकारलेल्या प्रपोजलवर कारण कुणी लिहायचं? कुणी असं काही चालवलं असंल तर सांगा राव.