चर्चा: तरुण मुलांना 'आधी देव, मग वस्तू' हे शिकवायचे तरी कसे?

दृढीकरण वर्गाची शिक्षिका, अहिल्यानगर

गेली ११ वर्षे मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दृढीकरणाच्या (बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गाला शिकवते. यंदा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना एकेक कागद दिला आणि गेल्या महिन्याभरात आईवडिलांकडे कोणत्या वस्तूंसाठी हट्ट केला ते लिहायला सांगितले. बहुतेक कागदांवर मोबाइल आणि बूट होते, तेही कंपनीच्या नावानिशी. एका मुलीने मैत्रिणीकडे आहे तस्साच, त्याच रंगाचा, असे लिहून खाली दोनदा रेघ मारली होती. याच मुलांना बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय पाठ आहे. 'जेथे तुझे धन आहे तेथे तुझे मनही लागेल' हे वचन ती न अडखळता म्हणतात, पण ते आपल्याला उद्देशून आहे असे त्यांना वाटत नाही, आणि मला बोचते ते हेच.

वस्तू वाईट असतात असे मी म्हणत नाही. मात्र कोणाला पहिले स्थान द्यायचे हे ठरवण्याची सवय याच वयात लागावी लागते, आणि ती उपदेशाने लागत नाही, हाताला वळण लावूनच लागते. मिझोराममधील ख्रिस्ती घरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 'बुहफाइ थाम' ही रीत चालत आली आहे: स्वयंपाकाचा तांदूळ काढताना त्यातला मूठभर आधी बाजूला ठेवायचा आणि साठलेला तांदूळ मंडळीला द्यायचा. जेवून उरलेले द्यायचे नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा आहे. म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की मुलांनी खाऊच्या पैशांतून दशांश आधी काढून ठेवावा आणि रविवारी उपासनेहून घरी येऊन जेवण होईपर्यंत मोबाइल हातात घेऊ नये. आपले मत कळवावे.

एक वडील, पिंपरी-चिंचवड

ताई, तुमच्या कळकळीविषयी मला शंका नाही, पण हा मार्ग मला मान्य नाही. माझे वडील खेड्यातील शाळेत शिक्षक होते आणि पगार झाला की दशांशाचे, म्हणजे मंडळीला द्यायच्या दहाव्या हिश्शाचे, पाकीट आधी भरले जाई. माझ्या दहावीच्या वर्षी परीक्षेच्या फीचे पैसे आईने किराणा दुकानदाराकडून उसने आणले, आणि पाकीट मात्र त्याही रविवारी चर्चमधल्या दानाच्या थैलीत पडले. माझी फी घेऊन जाणारा तो देव, अशी समजूत माझ्या मनात कितीतरी वर्षे घर करून होती.

मार्काच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिलेल्या वस्तूच्या सबबीखाली आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना प्रभूने किती कठोर शब्दांत फटकारले, ते आपण मुलांना शिकवतो का? ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, याचे गोडवे आपण सगळेच गातो. पण हाती आलेला पैसा घरात न टिकू देणाऱ्या माणसाचा संसार ओढताना काय सोसावे लागते, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवले आहे, आणि तेही तितकेच ख्रिस्ती साहित्य आहे. शिवाय आपली पुष्कळ कुटुंबे दलित समाजातून आलेली आहेत. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती म्हणून त्यांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत, आणि घरातला एकुलता मोबाइल हेच कित्येक मुलांचे ग्रंथालय आहे. ज्यांना कधी काही मिळालेलेच नाही, त्यांना त्याग शिकवण्याची घाई आपण का करावी?

एक आई, वसई

आमच्याकडे अडचण नेमकी उलट आहे, म्हणून मी ताईंच्या बाजूने आहे. दोष मात्र मुलांचा नव्हे, आम्हा मोठ्यांचा आहे. मुलाने पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या, म्हणजे प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या, दिवशी हॉल, स्टेज, पंगत असा लग्नासारखा थाट केला जातो. माझ्या भाच्याने त्या रात्री पांढऱ्या सदऱ्यातच पलंगावर बसून पाकिटे फोडली आणि कोणाकडून किती आले ते वहीत लिहिले, कारण तेवढाच आहेर परत करायचा म्हणून वही त्याच्या हातात आम्हीच दिली होती. त्या मुलाला पुढे पाच वर्षांनी मत्तयाचा सहावा अध्याय कोणत्या तोंडाने शिकवायचा?

महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

मी एकोणीस वर्षांचा आहे आणि मोबाइलबंदीला माझा विरोध आहे. मार्काच्या दहाव्या अध्यायातील श्रीमंत माणसाला 'जा, विकून टाक' असे सांगण्याआधी येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. आम्हाला मात्र पुढची आज्ञा तेवढी ऐकवली जाते. शिवाय आम्ही दिलेल्या पैशांचे काय झाले, हे मंडळीत आम्हाला आजवर कोणीही सांगितलेले नाही.

शिक्षिका, अहिल्यानगर

पुण्याच्या भावाचा आक्षेप मला पटला आणि मोबाइलचा आग्रह मी सोडते. वसईच्या बहिणीने लिहिलेली ती वही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पिंपरीच्या बंधूंनो, कुर्बानचा उतारा मी या संदर्भात कधी वाचलाच नव्हता, हे कबूल करते, आणि फी थांबवून दिलेला दशांश देवाला हवा असेल असे मलाही वाटत नाही. तरीही गरिबाच्या मुलाला देण्याचा आनंद नाकारणे हाही त्याचा अपमानच आहे, असे मी म्हणेन. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेचा हात प्रभूने धरला नाही.

वडील, पिंपरी-चिंचवड

धरला नाही, हे खरे आहे. पण त्याच्या लगेच आधी, मार्काच्या बाराव्या अध्यायातील चाळिसाव्या वचनात, विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना त्याने दोषी ठरवले आहे. ही दोन्ही वचने एकाच रविवारी शिकवावीत, एवढेच माझे मागणे आहे.

शिक्षिका, अहिल्यानगर

तशीच शिकवीन. एक गोष्ट मात्र मी वर लिहिली नव्हती, कारण ती माझ्या मुद्द्याला सोयीची नव्हती. त्या कागदांपैकी एकावर फक्त 'दप्तराची चेन' एवढेच लिहिलेले होते. त्या मुलाचे दप्तर मी दर रविवारी पाहते. ते सुतळीने बांधलेले असते. वर्गाच्या डब्यात आजवर जमलेल्या पैशांचा हिशेब येत्या रविवारी मी मुलांसमोर ठेवणार आहे आणि ते कशावर खर्च करायचे ते त्यांनाच ठरवू देणार आहे. दप्तराची चेन मात्र त्याआधीच, कोणाला न सांगता, मी बसवून आणणार आहे.