मदत हवी आहे: काट्याच्या मल्टिमीटरची सेटिंग समजत नाहीये

राम राम मंडळी, रावेरकडे केळीचा मळा आहे, मोटर चेक करायला जुना काट्यावाला मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं मीटर) काढलाय. एसी २५० व्होल्टच्या रेंजवर ठेवून घरची लाईन बघितली तर काटा जिथे थांबतो तिथे एकाच रेघेखाली २३०, ४६ अन् ९.२ असे तीन आकडे येतात, २३० च धरायचा ना? मग मोटरच्या थ्री फेज ४१५ व्होल्टसाठी १००० च्या रेंजवर टाकलं तर १० ची पट्टी वाचून १०० ने गुणायचं का? ओहमची (तारेचा रोध मोजायची) पट्टी तर उलटीच, शून्य उजवीकडे! मोटरच्या वाइंडिंगला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) एक्स१ (आकडा आहे तसाच) घेऊ की एक्स१के (आकडा हजारपट)? एक्स१ वर पिना एकमेकींना टेकवून झिरोचं बटन पूर्ण फिरवलं तरी काटा शून्यावर येत नाही भो, सेल उतरले असतील का?