चालत्या प्रोग्रॅमच्या मेमरीचा ‘डंप’: मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका: लिनक्सवरील एका शेल स्क्रिप्टची माहितीपुस्तिका मराठीत आणताना मी एका शब्दापाशी अडले आहे. ही स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, ‘पीग्रेप’ या शोधणाऱ्या आज्ञेकडून प्रोसेसचे, म्हणजे त्या वेळी चालत असलेल्या प्रोग्रॅमचे, क्रमांक मिळवते आणि प्रत्येक क्रमांकावर ‘जीकोअर’ ही मेमरीची प्रत काढणारी आज्ञा चालवते. प्रोग्रॅम थोडा वेळ थांबतो, त्याच्या मेमरीतील मजकूर फाइलमध्ये लिहिला जातो आणि प्रोग्रॅम पुढे चालू लागतो. त्या फाइलीला मी ‘स्मृतिचित्र’ म्हटले होते, पण तपासणाऱ्यांनी ‘हे आठवणींचे पुस्तक वाटते’ असा शेरा मारून ते खोडले. मूळ इंग्रजी ‘डंप’ ठेवला, तर मेमरी रिकामी केली जाते असा समज होईल का? शिवाय ‘चालू प्रोग्रॅम’ लिहावे की ‘चालता प्रोग्रॅम’?

जुना_युनिक्सवाला: ‘डंप’च ठेवावा. प्रोग्रॅम कोसळला की ‘कोअर डंप झाला’ असे आम्ही सगळेच म्हणत आलो आहोत आणि त्याने कोणाचाही गैरसमज झालेला नाही. कृपा करून ‘कोअर’चा ‘गाभा’ मात्र करू नका. हा ‘कोअर’ म्हणजे 1970च्या दशकापर्यंत मेमरीसाठी वापरल्या जाणाऱ्या फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्या. कड्या गेल्या, नाव राहिले.

भाषाप्रेमी: रोहित्राच्या लोखंडी भागाला आपण ‘गाभा’च म्हणतो, तेव्हा चुंबकीय अर्थानेही तो शब्द चुकीचा ठरत नाही. ‘डंप’ म्हटले की मुंबईकराला देवनारची कचराभूमी आठवते.

सातबारा: माझे मत ‘उतारा’ या शब्दाला आहे. सातबाराचा उतारा घेतल्याने तलाठ्याच्या दप्तरातील नोंद नाहीशी होत नाही. मूळ जागेवर राहते आणि आपल्या हाती प्रत येते. मेमरीचा उतारा काढणे म्हणजे नेमके हेच, आणि ‘उतरवून घेणे’ हे क्रियापदही आयतेच मिळते.

तिठ्यावरचा: आमच्याकडे उतारा दृष्ट काढून तिठ्यावर ठेवतात आणि मागे वळून पाहत नाहीत. ते बाजूला ठेवले तरी उतारा म्हणजे निवडलेला भाग, जसा परीक्षेत अपठित उतारा असतो. येथे तर अख्ख्या मेमरीची प्रत होते.

सातबारा: अख्ख्या मेमरीची होत नाही. प्रत्येक प्रोसेसच्या ‘कोअरडंप_फिल्टर’ या सेटिंगमध्ये कोणते भाग घ्यायचे हे ठरलेले असते, आणि जे फाइलवरूनच मेमरीत आलेले असते, उदाहरणार्थ खुद्द प्रोग्रॅमचा कोड, ते एरवी बहुतांशी वगळले जाते, कारण मूळ फाइल डिस्कवर असतेच. सर्व भाग हवे असल्यास ‘जीकोअर’ला ‘-ए’ हा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे आपला आक्षेप माझ्याच पथ्यावर पडला.

भाषाप्रेमी: मग ‘पंचनामा’ का नको? सगळे जागच्या जागी थांबवून, त्या क्षणी जे जसे आहे ते तसे नोंदवायचे. त्यात प्रत्येक थ्रेडचे, म्हणजे प्रोग्रॅममधील एकेका कार्यधाग्याचे, रजिस्टरही (प्रोसेसरमधले तात्पुरते साठे) येतात.

जुना_युनिक्सवाला: पंचनामा काही विपरीत घडल्यावर होतो. धडधाकट चाललेल्या प्रोग्रॅमचा कोणी पंचनामा करत नाही. आणि ‘मेमरी’, ‘फाइल’, ‘स्क्रिप्ट’ हे तिन्ही शब्द विनातक्रार स्वीकारल्यावर एकट्या ‘डंप’नेच काय घोडे मारले आहे?

भाषाप्रेमी: सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या शब्दांनाही लोक हसले होते, आणि आज ‘दिनांक’ प्रत्येक अर्जावर आहे.

जुना_युनिक्सवाला: अर्जावर आहे. बोलताना आपणही ‘आज तारीख किती?’ असेच विचारता.

पहारेकरी: ‘उतारा’ या शब्दावर माझा वेगळाच आक्षेप आहे. सातबारा कोणीही पाहू शकतो, म्हणून त्या शब्दाला एक निर्धास्तपणा चिकटला आहे. या फाइलीत मात्र प्रोग्रॅमने त्या वेळी मेमरीत उघड धरलेले पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या सापडू शकतात. शब्द कोणताही घ्या, पण स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘उमास्क 077’ ही ओळ आहे ना, म्हणजे फाइल दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही, हे आधी पाहा.

अनुवादिका: ती ओळ स्क्रिप्टमध्ये नाही, मूळ लेखकाला कळवते. ‘चालू’ आणि ‘चालता’ यांविषयी मात्र कोणीच बोलले नाही.

तिठ्यावरचा: ‘चालू’ नको, आमच्याकडे चालू म्हणजे लबाड. पण ‘उतरणे’ आणि ‘उतारा’ यांचे मूळ एकच आहे का, हे सातबारा यांनी सांगितले नाही. विष उतरवणारा तो उताराही त्यातलाच ना?