फिटनेस बँड सांगतो तेवढ्या कॅलरी खरंच जळतात का? तुमचा अनुभव लिहा

गेल्या महिन्यात रक्ततपासणीत माझी साखर काठावर आली. डॉक्टरांनी सहा किलो वजन उतरवायला सांगितलं आणि रोज पाऊण तास झपझप चालायला. लेकाने त्याच आठवड्यात बँड आणून माझ्या मनगटावर बांधला. आम्ही दोघी मैत्रिणी पाचपाखाडीत राहतो, सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारतो. एकत्र सुरू करतो, बोलत बोलत एकत्रच संपवतो. मंगळवारी फाटकाशी थांबून मनगटं शेजारी धरली. माझ्या बँडवर १४८, तिच्या बँडवर २५६. तोच रस्ता, तेवढाच वेळ. ती म्हणाली, "अगं, तुझा बिघडलाय." मला वाटलं, तिचाच फुगवून सांगतोय. माझं वजन ६२, तिचं ७८ (तिला विचारूनच लिहितेय).

मला हे नीट समजून घ्यायचंय, कारण त्या आकड्याकडे बघून दुपारी एक पोळी घ्यायची की दोन, हे मी ठरवायला लागले आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या वापरणाऱ्यांनी लिहा. काय बघून घेतलंत, कॅलरीच्या आकड्याचा अनुभव काय, पुन्हा घ्यायचं झालं तर काय घ्याल. नाव नको, कुठे राहता तेवढं पुरे.

सानपाडा

ताई, दोन्ही बँड चांगले आहेत. वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीत माझी पंधरा वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅलरी मोजणारं काहीच मनगटावर नसतं. खरी मोजणी प्रयोगशाळेत होते. तोंडावर मास्क लावतात आणि तुम्ही किती प्राणवायू घेता, किती कार्बन डायऑक्साइड सोडता ते बघतात. बँडकडे मुख्यतः दोन गोष्टी असतात, हालचाल ओळखणारी चिप आणि मागचा हिरवा दिवा. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो, त्यावरून नाडी कळते. मग तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची, स्त्री की पुरुष, हे सगळं सूत्रात घालून आकडा निघतो. म्हणजे तो अंदाज आहे, आणि प्रत्येक कंपनीचं सूत्र वेगळं.

आता तुमच्या दोघींचा हिशेब. स्वस्थ बसल्यावर शरीर दर किलोला तासाला साधारण एक कॅलरी खर्च करतं. त्याला एक मेट म्हणतात. झपझप चालणं म्हणजे साधारण ४.३ मेट. मैत्रिणीचे ७८ किलो गुणिले ४.३ गुणिले पाऊण तास, २५१ आले. पण यातल्या ५८ कॅलरी त्या घरी बसून राहिल्या असत्या तरी गेल्याच असत्या. तुमच्या ६२ किलोला तो बसण्याचा एक मेट वजा करून ३.३ धरला की १५३ येतात. दोन्ही उत्तरं तुमच्या पडद्यावरच्या आकड्यांच्या अगदी जवळ आहेत. तुमचा बँड फक्त व्यायामाच्या, म्हणजे 'ॲक्टिव्ह' कॅलरी दाखवतोय आणि त्यांचा 'टोटल', असं दिसतंय. सेटिंग बघून सांगा.

आणि वजन नक्की तपासा. माझ्या सासऱ्यांना दुकानदाराने घाईत ७० किलो भरून दिलं होतं. सासरे ५४ किलोचे. आठ महिने ते सोळा किलो जास्तीच्या माणसाच्या कॅलरी वाचत होते.

कासारवडवली

मी रोज स्कूटरने वागळे इस्टेटला जातो. पावसाळ्यात घोडबंदर रोडचे खड्डे लागले की कामावर पोचेपर्यंत बँडवर हजारेक पावलं झालेली असतात, आणि त्या पावलांच्या कॅलरीही. पाऊस संपून डांबर पडलं की आकडा आपोआप उतरतो. आता हँडल धरण्याआधी बँड काढून खिशात ठेवतो.

कोपरखैरणे

माझं पोळीभाजी केंद्र आहे. सकाळच्या डब्यांच्या दीडशे पोळ्या मी एकटी लाटते. मुलीने वाढदिवसाला बँड दिला. पहिल्याच दिवशी दहा वाजता बघितलं तर चार हजार पावलं, आणि मी ओट्यापासून हललेसुद्धा नव्हते. लाटण्याबरोबर मनगट पुढे-मागे जातं, त्याला बँड चालणं समजतो. मग मी तो डाव्या हाताला बांधला. पावलं कमी झाली, कॅलरी मात्र तशाच भरपूर.

त्याचं कारण मला बरेच दिवसांनी कळलं. दोन तवे पेटलेले, खिडकी लहान, मे महिना. एका बाजूने पोळी फुगत असते आणि घाम कोपरावरून ओघळत असतो. अशा वेळी नाडी ११० च्या पुढे जाते. शरीर गार करायला हृदय जोरात चालतं, त्यात स्नायूंचं काम वाढलेलं नसतं. बँडला उकाडा दिसत नाही, त्याला नाडी दिसते, म्हणून तो व्यायाम धरतो. एक्झॉस्ट पंखा बसवला त्या आठवड्यात पोळ्या तेवढ्याच होत्या आणि कॅलरी कमी दिसल्या. तेव्हा माझी खात्री पटली.

आणि याच्या उलटही होतं. बाजारातून ढकलगाडीवर पिठाची पोती आणते, दोन्ही हात दांड्यावर घट्ट. त्या वीस मिनिटांत पावलं जवळजवळ शून्य. खरा दम तेव्हाच लागतो.

खारघर

मी धावतो, पावसाळ्यात हिल आणि एरवी सेंट्रल पार्कच्या बाजूला. धावणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मनगटावरचा सेन्सर कधीकधी नाडी सोडून पावलांचा ताल पकडतो. माझी पावलं मिनिटाला १७० च्या आसपास पडतात. हळू धावतानाही घड्याळ नाडी १७० दाखवायचं, आणि मी घाबरून थांबायचो. गळ्याला बोटं लावून पंधरा सेकंद मोजायचो, चाराने गुणायचो, १३६ यायचे. एवढ्या फरकावर कॅलरीचं गणित कुठल्या कुठे जातं.

शेवटी छातीचा पट्टा घेतला. तो हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो, ईसीजीसारखे. पोलार ही फिनलंडची कंपनी १९७७ पासून याच कामात आहे, आता इतरांचेही पट्टे मिळतात. बांधण्याआधी आतली बाजू पाण्याने ओली करायची, नाहीतर पहिली पाच-दहा मिनिटं भलतेच आकडे येतात. आपल्याकडच्या दमट हवेत घामाने ते काम लवकर होतं. धावून आल्यावर पट्टा धुवा, घामाच्या मिठाने लवकर खराब होतो.

घड्याळ घेताना हे बघा, ब्लूटूथवर बाहेरचा पट्टा जोडता येतो का. स्वस्तातल्या बऱ्याच बँडांत ती सोय नसते.

वाशी

वरच्यांना दुजोरा, पण सायकलवाल्यांसाठी आणखी एक वाट आहे. पहाटे पाम बीच रोडला जाणाऱ्या आमच्या गटात दोघांच्या पेडलला पॉवर मीटर आहे, पायाने लावलेल्या जोरातून किती ऊर्जा गेली ते मोजणारं. शरीर खर्च करतं त्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोचतो, आणि एक आहारातली कॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल. चाराने गुणायचं आणि साधारण चारानेच भागायचं, त्यामुळे मीटरवर जेवढे किलोज्यूल, जवळपास तेवढ्याच कॅलरी. यात नाडीचा प्रश्नच येत नाही. महाग आहे, पण कॅलरीसाठी रस्त्यावर याहून भरवशाचं मला काही सापडलं नाही.

नौपाडा

वय ६९. दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून बीटा ब्लॉकर गोळी चालू आहे, ती नाडी वाढू देत नाही. सूनबाईंनी प्रेमाने घड्याळ दिलं. तलावपाळीला दोन फेऱ्या झाल्या तरी नाडी ८४ वर अडकलेली, कॅलरी नव्वदसुद्धा नाहीत. मला वाटलं, मी चालतो ते चालणं नव्हेच. घरी हे बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तीन फेऱ्या घातल्या, तिसऱ्या दिवशी चौथी सुरू केली. गडकरी रंगायतनच्या समोर डोळ्यांपुढे अंधारी आली. शहाळंवाल्याने हात धरून त्याच्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सौ.ला फोन लावून दिला. ती धावत आली आणि एवढंच म्हणाली, "अहो, कुणासाठी चाललंय हे?"

डॉक्टरांनी मग समजावलं. बरीच घड्याळं २२० वजा वय हा कमाल नाडीचा आकडा धरून व्यायामाचा जोर ठरवतात. माझ्यासाठी तो १५१. या गोळीवर माझी नाडी तिथे जाणारच नाही, म्हणून घड्याळाला माझी मेहनत कमी दिसते. त्यांनी मला सोपी खूण दिली. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. आता आम्ही दोघं जोडीने चालतो आणि ती मला मधूनमधून अभंगाची एक ओळ म्हणायला लावते. मी अडखळलो की वेग बरोबर आहे.

रक्तदाब किंवा हृदयाची गोळी चालू असेल त्यांनी घड्याळ घेण्याआधी डॉक्टरांशी हे बोलून घ्यावं. मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

बेलापूर

मी आकडे पूर्ण गांभीर्याने घेतले, म्हणून माझा अनुभव थोडा वेगळा. घड्याळाची रोजची सरासरी २६००. मी काट्यावर तोलून २३५० चं खात होतो. रोज २५० ची तूट, बेचाळीस दिवसांत १०,५००. एक किलो चरबीला साधारण ७७०० धरतात, म्हणजे एक किलो तीनशे-चारशे ग्रॅम तरी उतरायला हवे होते. रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढायचो. सहा आठवड्यांनी वजन होतं तिथेच.

आधी खूप निराशा आली. मग शोधताना स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१७ चा अभ्यास वाचला. ६० जणांवर सात उपकरणं तपासली होती. सातपैकी सहांची नाडी ५ टक्क्यांच्या आत बरोबर होती. कॅलरीत मात्र सर्वांत चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकत होतं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. ती मॉडेलं आता जुनी झाली, पण नाडी बरोबर असूनही कॅलरी चुकू शकतात हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर मी घड्याळ फेकलं नाही. वजन हललं नाही याचा अर्थ माझा खरा खर्च २३५० च्या आसपास आहे, घड्याळ माझ्यापुरतं २५० जास्त सांगतं (भाजीतल्या तेलाचा माझा अंदाज चुकला असेल तर तोही यातच आला). आता त्याच्या आकड्यातून २५० वजा करतो आणि उरलेल्यातून तूट काढतो. चार महिन्यांत तीन किलो उतरले. ताई, पोळी एक की दोन, हे एका दिवसाच्या आकड्यावर ठरवू नका. सहा आठवडे वजनाची सरासरी लिहून ठेवा, मग तुमचा बँड किती चुकतो ते तुमचं तुम्हालाच कळेल.

मानपाडा

एक तक्रार. सेलमध्ये घेतलेला एक स्वस्त बँड मी गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधून पाहिला, तर नाडी ७२. टॉवेलची. चांगल्या उपकरणालाही कधी असा भास होऊ शकतो असं नंतर वाचलं, पण हा बँड माझ्या हातावर जिना चढून आल्यावरही ७२ वरच असायचा. सेवा केंद्रात दोन खेपा घातल्या, "असंच असतं" एवढंच उत्तर मिळालं. कंपनीचं नाव लिहीत नाही. दुकानात घालून पाहायची सोय असेल तर जोरात दोन मजले चढा आणि नाडी किती वेळात वर येते ते बघा. बोटांनी मोजलेल्या आकड्याशी ताडा. पडदा, रंग, शंभर खेळांची यादी, हे सगळं नंतर.

ऐरोली

माझ्या डाव्या मनगटावर गडद टॅटू आहे. तिथे नाडी सारखी तुटायची. उजव्या हाताला बांधल्यावर प्रश्न मिटला. हाडाच्या एक बोट वर आणि व्यायामाच्या वेळी किंचित घट्ट बांधा.

नेरूळ

हे लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला. माझी मुलगी अकरावीत आहे. मैत्रिणींच्या गटात रोज कोणी किती कॅलरी जाळल्या याचे फोटो टाकायच्या. रात्री साडेअकराला मी पाणी प्यायला उठले तर ती अंधारात हॉलमध्ये जागच्या जागी धावत होती. पायात मोजे, आवाज होऊ नये म्हणून. पाचशे पूर्ण व्हायला चाळीस बाकी होत्या. त्या दिवशी तिने दुपारचा डबा तसाच परत आणला होता.

मी ओरडले नाही. शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून बँडच्या पडद्यावरून कॅलरी काढून टाकल्या, झोप आणि नाडी ठेवली. समुपदेशक ताईंकडे जातो आहोत. आता ती जेवते. घरात वाढत्या वयाची मुलं असतील तर बँड देताना हा आकडा आधी बंद करा, माझी हात जोडून विनंती आहे.

पाचपाखाडी

सगळ्यांचे खूप आभार. नेरूळच्या ताई, तुमचा अनुभव वाचून मी लेकाला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला शेजारी बसवून वाचून दाखवला. तिच्या बँडवरची कॅलरी काल रात्रीच बंद केली.

सानपाड्याच्या दादांचं म्हणणं तंतोतंत निघालं. मैत्रिणीच्या बँडवर 'टोटल' होतं. शिवाय माझ्या बँडमध्ये लेकाने माझं वय ४३ भरलं होतं, मी ५१ ची आहे. दोन्ही दुरुस्त केलं. आज सकाळी कचराळीच्या फाटकाशी पुन्हा मनगटं शेजारी धरली. तिचे १९०, माझे १५१. ती म्हणाली, "म्हणजे जास्तीचे चाळीस माझ्या वजनाचे." मी वहीत आजचं वजन लिहिलं, ६१.८, आणि पुढे सहा आठवड्यांनंतरची तारीख टाकून ठेवली. आकडा काय येतो ते इथेच कळवेन.