प्रतिसाद: रिसेप्टर आधी, जंतू नंतर

वर एकांनी लिहिलंय की जंतू आत शिरला की टी पेशी (संसर्गाशी लढणारी पांढरी रक्तपेशी) त्याच्या मापाचा रिसेप्टर (जंतूचा अंश ओळखणारं, पृष्ठभागावरचं प्रथिन) घडवते. फोंड्यात बारावीला शिकवताना हाच गैरसमज दरवर्षी समोर येतो, म्हणून लिहितेय. क्रम उलटा आहे. रिसेप्टर थायमसमध्ये, म्हणजे टी पेशी जिथे तयार होतात त्या छातीतल्या ग्रंथीत, जंतू येण्याआधीच जुळतो.

रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं डीएनए कापतात. बहुतेक टी पेशींचा रिसेप्टर अल्फा आणि बीटा या दोन साखळ्यांचा असतो, आणि त्यांची जनुकं व्ही, डी, जे अशा सुट्या तुकड्यांतून जुळतात (डी फक्त बीटात). बीटा साखळीत आधी डी तुकडा जे-ला जोडला जातो, मग त्याला व्ही. सांध्यावर टीडीटी हे एन्झाइम साच्याशिवाय न्यूक्लिओटाइड (डीएनएची अक्षरं) घालतं. विविधता मोठ्या प्रमाणात तिथेच येते. बीटा नीट जमली तर प्री-टी अल्फा या तात्पुरत्या जोडीदाराबरोबर पृष्ठभागावर येते, पेशी भराभर विभागते आणि दुसऱ्या गुणसूत्रावरची बीटाची जुळणी थांबते. अल्फाची पाळी त्यानंतर, पेशीवर सीडी४ आणि सीडी८ ही दोन्ही खुणेची प्रथिनं असताना.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे: डेल्टाचे (दुसऱ्या प्रकारच्या टी पेशी रिसेप्टरमधल्या साखळीचे) जनुकखंड अल्फाच्या जागेतच बसलेले असतात. अल्फा जुळली की ते कापून बाहेर! त्या गुणसूत्रावरून डेल्टा साखळीची वाट कायमची बंद. अल्फाला मात्र थायमसमध्ये रिसेप्टर कामाचा ठरून पेशीची निवड होईपर्यंत पुन्हा पुन्हा संधी मिळते. तरीही बहुतेक पेशी थायमसमध्येच मरतात.